रिकामी परत आलेली बोट

लिलावाला आम्ही जेमतेम नऊ जण होतो, आणि त्यातले चार नुसते सावलीला आलेले. बंदर कचेरीच्या मागे बेवारशी मालाचं आवार आहे. पत्र्याच्या छपराखाली गंजलेले नांगर, जाळ्यांचा गुंता, चाकं नसलेला एक टेम्पो, आणि कुंपणाला टेकवून ठेवलेली ती बोट. पुकारणाऱ्याचा घसा बसला होता. दर वाक्यानंतर तो पाण्याचा घोट घ्यायचा, त्यामुळे सगळंच रखडत चाललं होतं.

"नंबर अकरा," तो म्हणाला. "लाकडी बोट, बत्तीस फूट, इंजिनासकट. जशी आहे तशी, आहे तिथून उचलायची. मागाहून कुरकुर चालणार नाही."

कुणी तोंड उघडलं नाही. बोट सगळ्यांच्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी तीन माणसं घेऊन ती मासेमारीला गेली. वाटेत वादळ झालं. बाराव्या दिवशी एका मालवाहू जहाजाला ती भर समुद्रात आपली आपण तरंगताना सापडली. टाकीत डिझेल होतं, नांगर जागच्या जागी होता, डब्यात नासलेलं जेवण होतं. माणूस एकही नव्हता. मालकाने तिच्यावर पाणी सोडलं. पुन्हा तिच्यावर पाय ठेवायला कुणी तयार होईना, मग ती ठेवून तो करणार काय?

त्या तिघांमध्ये मिस्त्रीचा मुलगा होता.

मिस्त्री म्हणजे माझा शेजारी. त्याची शेड आणि माझी शेड यांच्यामध्ये एकच पत्रा. तो बोटींच्या लाकडाचं काम करायचा, मी इंजिनांचं. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या ठोकाठोकीला शिव्या घालत आणि एकाच किटलीतला चहा पीत काढली. माणूस कमी बोलायचा, पण आपल्या हाताचा त्याला भारी ताठा. दोन फळ्यांच्या सांध्यात ब्लेडचं पातं घालून दाखवा, अशी पैज तो गिऱ्हाइकाशी लावायचा. ती कुणी जिंकलेलं मी तरी पाहिलं नाही.

भंगारवाला एक आकडा बोलला. बोट फोडून विकायची तर परवडेल असा. माझ्या शेजारून मिस्त्रीचा हात वर गेला. मला वाटलं, तो घाम पुसतोय.

भंगारवाल्याने वळून बघितलं, त्याला ओळखलं आणि तोंडात आलेला पुढचा आकडा गिळला. "घ्या मिस्त्री," तो हळूच म्हणाला. "मला काय, दुसरी मिळेल."

"एक वार, दोन वार..." पुकारणारा पाणी प्यायला. "तीन वार."

कागदांवर सह्या करून आम्ही बाहेर आलो तेव्हा मी विचारलं, "वहिनींना सांगितलंयस?"

"नाही."

"अरे, मग ती घेऊन करणार काय आहेस?"

"बघायचीय," तो म्हणाला.

वहिनींबद्दल इथेच सांगायला हवं. बोट सापडली तेव्हा बंदराच्या लोकांनी तिच्यावरच्या सामानाची यादी केली होती. त्या यादीत सतराव्या ओळीवर लिहिलेलं होतं: लाइफ जॅकेट, नाहीत. वहिनींनी त्या यादीची प्रत मागून घेतली होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवली होती. जॅकेटं बोटीवर नाहीत, म्हणजे ती अंगावर आहेत. अंगावर आहेत, म्हणजे पोरं बुडाली नाहीत. कुठल्यातरी जहाजाने उचलून घेतली, कुठल्यातरी लांबच्या बंदरात उतरवली. कागदपत्रं नाहीत म्हणून अडकून पडली असतील, आजारी असतील, डोक्याला मार लागून नाव विसरली असतील. दोन वर्षं वहिनी यावर जगल्या. जहाज कंपन्यांचे पत्ते मिळवून त्या पत्रं लिहायच्या. दर मंगळवारी बंदर कचेरीत जाऊन बसायच्या. तिथल्या कारकुनाने त्यांच्यासाठी एक खुर्ची भिंतीजवळ वेगळी ठेवली होती. तिच्यावर दुसरं कुणी बसलं तर तो उठवायचा.

आम्हा सगळ्यांना वाटायचं, आशा वेडी असते, पण बाईला उभं तरी ठेवतेय. मिस्त्री मात्र पत्रांचा विषय निघाला की उठून बाहेर जायचा. मी समजायचो, त्याला सहन होत नाही.

ट्रॅक्टरला जोडलेल्या गाड्यावरून बोट आमच्या गल्लीतून आणली. वाट त्यांच्या घरावरूनच जाते. वहिनी खिडकीत उभ्या होत्या. त्या खाली आल्या, बोटीच्या कडेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"ही कशाला आणलीत?"

"कामाला येईल," मिस्त्री म्हणाला.

"कुणाच्या?"

तो ट्रॅक्टरवाल्याला डावीकडे घे, डावीकडे घे म्हणत पुढे निघून गेला. त्यानंतर आठवडाभर वहिनींनी शेडच्या बाजूची खिडकी उघडली नाही.

बोट ठोकळ्यांवर चढवून झाली. दोन उन्हाळे उघड्यावर राहून तिची रया गेली होती. रंगाचे पोपडे निघत होते, फळ्या सुकून आक्रसल्या होत्या, सांध्यांतून पलीकडचं ऊन दिसत होतं. मिस्त्री मागच्या टोकाला काहीतरी मोजत बसला आणि मी इंजिनाला हात घातला.

आता खरं सांगतो. ती बोट वादळात गेली त्याच्या महिनाभर आधी तिचं इंजिन मी खोललं होतं. दोन वर्षं मी कुणाला बोललो नव्हतो, पण रोज मनात यायचं, इंजिन बंद पडलं असेल तर? मी एखादा बोल्ट ढिला ठेवला असेल तर? म्हणून मी ते इंजिन डॉक्टरने रोगी तपासावा तसं तपासलं. पंप ठीक, नळ्या ठीक, सगळं आवळलेलं. गंज काढून हाताने फिरवलं तर फिरलंसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. मी चक्क हसलो असेन, कारण मिस्त्री माझ्याकडे बघत होता.

"तुझं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि मला स्वतःची शरम वाटली.

"बरं झालं," तो म्हणाला. "चल, आता माझं बघू."

तेव्हा त्याने मला सांगितलं. मी इंजिनाची दुरुस्ती केली त्याच आठवड्यात मुलगा त्याच्याकडे आला होता आणि म्हणाला होता, "बाबा, जॅकेटं पायात येतात, भिजून कुजतात. पुढच्या टोकात एक कप्पा करून द्या." मिस्त्रीने करून दिला. बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागात आडवी भिंत घातली, तिला दार, दाराला एक कडी. रंग सारखाच, फळ्यांच्या रेषा सारख्या जुळवलेल्या. बंद केलं की दार कुठे आणि भिंत कुठे, हे सांगूनही कळू नये असं काम.

"बंदराच्या लोकांना तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. बोट आणली त्याच दिवशी. पुढचा कप्पा उघडून पाहिलात का, असं विचारलं. कारकून म्हणाला, सगळं बघितलंय, यादी झालीय. मी यादी वाचली. तिच्यात कप्पा असा शब्दच नाही."

"मग पुन्हा विचारायचंस."

"घरी तुझी वहिनी यादी घेऊन बसली होती," मिस्त्री म्हणाला. "दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही."

दोन वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन माझ्या शेजारी चहा पीत होता.

आम्ही वाकून पुढच्या टोकाशी गेलो. कडी नव्हती. तिच्या जागी चार भोकं होती आणि एका भोकातून वाकडा झालेला स्क्रू लोंबत होता. दाराच्या कडेने लाकडावर ओरखडे होते, सुरीचे असावेत. काही वरवरचे, काही खोल, एका ठिकाणी पात्याचं टोकच मोडून आत राहिलेलं. मिस्त्रीने त्यावरून अंगठा फिरवला. ओरखडे सगळे एका बाजूला कललेले होते.

"डाव्या हाताचे आहेत," तो म्हणाला.

त्याचा मुलगा डावखुरा होता. लहानपणी पटाशी उजव्या हातात धर म्हणून मिस्त्री त्याच्या मागे लागायचा, पुढे हात टेकले. तो हात पत्र्यापलीकडच्या शेडमध्ये चालताना मी कितीदा पाहिला होता.

मग त्याने दाराला एक बोट लावलं, आणि ते उघडलं.

नुसत्या एका बोटाने. दोन उन्हाळ्यांत लाकूड सुकलं होतं, भोवती फट पडली होती, दार सैल होऊन बिजागरीवर झुलत होतं. आत तीन नारिंगी जॅकेटं होती, घड्या न मोडलेली. एकाला दुकानाची चिठ्ठी तशीच शिवलेली.

मिस्त्री तिथेच खाली बसला. बोलायला लागला तेव्हा लाकडाबद्दल बोलला, दुसऱ्या कुणाला शिकवत असल्यासारखा.

"लाकूड पाणी प्यालं की फुगतं. नवशिक्यालासुद्धा मी हे पहिल्या दिवशी सांगतो. समुद्रावरच्या दाराला चौफेर जागा ठेवायची. मीच ठेवली नाही. मला वाटलं, मुलाच्या बोटीचं काम आहे, जरा चांगलं करू."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सुचलं ते बोललो. "मिस्त्री, हे आत्ताच्या आत्ता जाळून टाकू. दार, जॅकेटं, सगळं. तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

त्याने जॅकेटं एका पोत्यात भरली, पोतं आपल्या कामाच्या टेबलाखाली सरकवलं आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी वल्ह्याला रंधा मारायला घेतला.

सोळा दिवस ते पोतं तिथे होतं. त्या दिवसांत त्याने एक काम धड केलं नाही. पुढचं मला माझ्या बायकोकडून कळलं. वहिनींनी तिला सांगितलं. वहिनींनी आणखी एका जहाज कंपनीला पत्र लिहिलं होतं. पत्र लिहून झालं की त्या ते मिस्त्रीसमोर ठेवायच्या, कारण खाली दोघांच्या सह्या असल्या की पत्राला वजन येतं असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मिस्त्रीने पेन घेतलं. पत्रात लिहिलं होतं, 'आमच्या मुलाने जॅकेट घातलेलं होतं, त्यामुळे तो वाचला असणार याची आम्हाला खात्री आहे.' मिस्त्रीने पेन खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. कप्पा, दार, कडी, पोतं, सगळं.

वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "शोधायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"मला राहवेना."

"मला राहवत होतं," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडवर आल्या. मी पत्र्याआड माझ्या कामात असल्याचं सोंग घेतलं. त्या बोटीत चढल्या, वाकून पुढे गेल्या. दार उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. त्या बिजागरीचा आवाज मी सहा-सात वेळा ऐकला. मग त्या उतरल्या आणि मिस्त्रीसमोर उभ्या राहिल्या.

"बाकीच्या दोघांच्या घरी कोण सांगणार?"

"जातो मी," मिस्त्री म्हणाला.

"तुम्हीच जा. दार तुमचं आहे." एवढं म्हणून त्या चालू लागल्या. जाताना मला म्हणाल्या, "भाऊजी, यांच्याबरोबर जा. रस्ता ओलांडताना बघत नाहीत हल्ली."

पोतं बरोबर घेऊन आम्ही गेलो. पहिलं घर बोट चालवणाऱ्याचं. त्याची बायको एका शाळेत साफसफाईचं काम करायची. नुकतीच आली होती, हात अजून ओले होते. मिस्त्रीने उभ्यानेच सगळं सांगितलं. संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे आता दाखला मिळेल का?"

आम्हाला कळलं नाही.

"मेल्याचा दाखला. प्रेत नाही म्हणून देत नाहीत. घर त्यांच्या नावावर आहे. दोन वर्षं मी सधवाही नाही, विधवाही नाही. ही जॅकेटं दाखवली तर मिळेल का?"

"विचारतो," मिस्त्री म्हणाला. निघताना तिने त्याला थांबवलं. मला वाटलं आता बोलणार. तिने त्याच्या शर्टाला चिकटलेला लाकडाचा भुसा झटकला आणि दार लावून घेतलं.

दुसरं घर तिसऱ्या माणसाचं, तिघांत सगळ्यात तरुण. म्हातारा बाप जिन्याच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा शिवत होता. मिस्त्री सांगत राहिला, म्हातारा टाके घालत राहिला. शेवटी त्याने दात लावून दोरा तोडला.

"तुझाही पोरगा होता ना त्यात?"

"होता."

"मग मी तुला काय बोलू?" म्हातारा म्हणाला. "शिव्या घालायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस तू."

तिथून आम्ही तसेच बंदर कचेरीत गेलो. मिस्त्रीने पोतं कारकुनाच्या टेबलावर ठेवलं आणि सतरावी ओळ बदलून द्या म्हणाला. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने जॅकेटं बघितली, भिंतीजवळच्या त्या खुर्चीकडे बघितलं, फाइल काढली, साहेबांच्या खोलीत जाऊन आला.

"मिस्त्री, यादी बंद झालीय. लिलावाच्या आधी आणली असतीत तर गोष्ट वेगळी. आता बोट तुमची, म्हणजे तिच्यातली वस्तूही तुमची. कचेरीच्या लेखी ही जॅकेटं तुम्ही कालसुद्धा विकत आणलेली असू शकतात."

"ओरखडे आहेत दारावर," मिस्त्री म्हणाला. "येऊन बघा."

"मला पटतंय हो. पण ओरखड्याला तारीख नसते."

मी भांडलो, आवाज चढवला. त्याचा उपयोग एवढाच झाला की शिपायाने आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. दाखला काही मिळाला नाही. बोट चालवणाऱ्याच्या बायकोला ते सांगायला मिस्त्री पुन्हा एकटा गेला; तिथे काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही.

त्यानंतर मिस्त्रीने बोटींचं काम घेतलं नाही. आधी लोक यायचे, गळ घालायचे, मग त्यांनी पलीकडच्या किनाऱ्यावरचा दुसरा सुतार धरला. काही महिने मिस्त्री एका फर्निचरच्या दुकानात जात होता. दुकानदार मला रस्त्यात भेटला तेव्हा वैतागून म्हणाला, "तुमचा मिस्त्री म्हणजे नाव मोठं आणि लक्षण खोटं. कपाट केलं तर दारातून मांजर जाईल एवढी फट." मी त्याला काही समजावायला गेलो नाही. पुढे त्याने मिस्त्रीला खोकी ठोकायला बसवलं, आणि तेही पुढे सुटलं.

बोट अजून ठोकळ्यांवरच आहे. भंगारवाला एकदा येऊन गेला, इंजिन तरी द्या म्हणाला. मिस्त्रीने होकाराची मान हलवली. मी इंजिन काढून दिलं. ते आता कुठल्याशा विहिरीवर पाणी उपसतंय, चांगलं चालतंय म्हणतात. सांगाडा मात्र न्यायला कुणी तयार नाही, आणि तो फोडायला मिस्त्रीचा हात धजत नाही. माझा तर नाहीच नाही.

वहिनी कचेरीत जायच्या थांबल्या. पत्रं थांबली. एका जहाज कंपनीकडून आलेलं उत्तर पोस्टमनने माझ्याकडे दिलं, कारण त्यांनी घेतलं नाही. मी ते फोडलं नाही. जाळलंही नाही. टेबलाच्या खणात आहे.

दोघं एकाच घरात राहतात. भांडण नाही. वहिनी त्याचा डबा करतात, तो कामाला जात नसला तरी करतात, आणि तो दुपारी बारा वाजता खिडकीशी बसून डब्यातून जेवतो. त्या वेळेला वहिनी आतल्या खोलीत असतात. माझी बायको म्हणते, एकदा वहिनी तिला म्हणाल्या होत्या, "त्यांचा राग येत नाही गं मला. राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्यांच्या हातांकडे बघवत नाही, एवढंच."

गेल्या महिन्यात माझ्या शेडचा दरवाजा खाली उतरला. चौकट कुजली होती. मी मुद्दाम मिस्त्रीकडे गेलो; म्हटलं, निमित्ताने बाहेर तरी पडेल. वहिनींनी दार उघडलं. तो खिडकीशी होता, दाढी वाढलेली, हात मांडीवर ठेवलेले. मी चौकटीचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, लांबी-रुंदी विचारली, कुठलं लाकूड आहे ते विचारलं.

"उद्या येतो," तो म्हणाला.

मी खूश होऊन निघालो. जिन्यापर्यंत वहिनी आल्या.

"दुसरा कुणीतरी बघा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "उद्या येतो असं ते सगळ्यांना म्हणतात."

तरी मी आठ दिवस थांबलो. मग पलीकडच्या सुताराला बोलावलं.